मोरे हाउसचे माजी विद्यार्थी : एक वर्षवाले आणि तीन वर्षवाल्या

एडिंबराच्या कॅननगेट भागात मोरे हाउस नावाचे जुने अध्यापक महाविद्यालय होते. त्याच्या नामवंत माजी विद्यार्थ्यांची यादी काढली की कवी भेटतात, खासदार भेटतात, मंत्रीही भेटतात. प्राथमिक शाळेत आयुष्य काढलेल्या बाई त्या यादीत क्वचितच असतात. वर्गांत मात्र पिढ्यान्‌पिढ्या बहुसंख्या त्यांचीच होती. असे का, याचे बरेचसे उत्तर 1920 च्या दशकातल्या एका नियमात सापडते.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगतो. 1843 मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. बाहेर पडलेल्या गटाला आपल्या शाळांसाठी शिक्षक हवे होते. त्याने सतराव्या शतकातला हा वाडा घेतला आणि 1848 मध्ये तिथे वर्ग भरू लागले. 1872 च्या कायद्याने शाळा निवडून आलेल्या मंडळांकडे गेल्या, पण शिक्षक घडवण्याचे काम चर्चने सोडले नाही. ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रांतिक समित्यांकडे आले.

आता तो नियम. 1920 च्या दशकाच्या मध्यावर ठरले, की पुरुषाला शिक्षक व्हायचे असेल तर त्याने आधी विद्यापीठाची पदवी घेतली पाहिजे. चित्रकला, संगीत, हस्तव्यवसाय, व्यायाम असे विषय तेवढे वगळले. स्त्रियांना पदवीची सक्ती नव्हती. त्या शाळा संपवून थेट महाविद्यालयात येऊन आधी दोन आणि पुढे तीन वर्षांचा अभ्यासक्रम करू शकत. पदवीधरांना, मग ते पुरुष असोत वा स्त्रिया, एकच वर्ष पुरे होई. आपल्याकडच्या डी.एड. आणि बी.एड.सारखीच ही विभागणी, पण डी.एड.चे दार फक्त मुलींना उघडे.

समर्थनार्थ परंपरेचा दाखला दिला जाई. गावच्या शाळेतला मास्तरसुद्धा विद्यापीठात शिकलेला असावा, हा स्कॉटलंडचा जुना अभिमान. शिक्षक संघटनेला तर सगळेच शिक्षक पदवीधर हवे होते. सरकारला तेवढा खर्च नको होता आणि शिक्षकांचा तुटवडाही नको होता. मधला मार्ग निघाला तो स्त्रियांच्या जिवावर. दर्जाच जपायचा होता, तर सहा वर्षांच्या पोराला अक्षर गिरवायला शिकवणाऱ्या बाईंना पदवी का नको? या प्रश्नाचे सरळ उत्तर कोणी दिले नाही. पगाराने मात्र दिले. पदवीधराची श्रेणी वेगळी, बिगरपदवीधराची वेगळी, आणि त्यातही पुरुषाला जास्त, बाईला कमी. तीन वर्षे शिकून आलेल्या बाईंना माध्यमिक शाळेत नेहमीचे विषय शिकवण्याची वाट जवळजवळ बंदच होती.

यादीतली नावे बहुतेक एक वर्षवाल्यांची आहेत, ती यामुळे. रासे बेटावरचा, गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत लिहिणारा एक कवी इंग्रजीची पदवी घेऊन 1930 च्या दशकात इथे आला. पुढे दुसऱ्या महायुद्धात एल अलामेनच्या लढाईत जखमी झाला, आणि 1956 ते 1972 प्लॉक्टनच्या शाळेचा मुख्याध्यापक होता. गेलिक ही मातृभाषा नसलेल्या मुलांसाठी वेगळी परीक्षा असावी म्हणून तो झगडला आणि ती मिळाली. दुसरा कवी एडिंबराचाच, ग्रीक-लॅटिन या अभिजात भाषांचा पदवीधर होता. युद्धात लढायला नकार दिल्याबद्दल त्याने तुरुंगवास भोगला, नंतर अनेक वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आणि 1967 मध्ये विद्यापीठाने त्याला सन्मानाने बोलावले. फाइफच्या खाणकामगाराची मुलगीही पदवीधरच. थोडे दिवस शाळेत शिकवून 1929 मध्ये, 24 व्या वर्षी, ती पोटनिवडणुकीत खासदार झाली. त्या वेळी तिशीखालच्या बायकांना प्रत्यक्ष मतदान करण्याची संधीही अजून मिळाली नव्हती.

ती शिक्षिकाच राहिली असती, तर 1934 मध्ये लग्न होताच तिला नोकरी सोडावी लागली असती. ही अट पदवीधर बाईंनाही चुकत नसे. त्यामुळे तेव्हाच्या शिक्षिकेचा पेशा एक तर पाच-सात वर्षांचा, नाही तर अविवाहित राहून निवृत्तीपर्यंतचा. 1945 च्या कायद्याने ही अट गेली. समान पगार 1955 पासून टप्प्याटप्प्याने 1961 पर्यंत आला.

1961 मध्येच ग्लासगोच्या शिक्षकांनी संप केला. पगार हे एक कारण, आणि तुटवड्याच्या नावाखाली अपुऱ्या पात्रतेची माणसे वर्गात उभी केली जातात, हे दुसरे. त्यातून शिक्षकांची नोंदणी करणारी स्वतंत्र परिषद 1965 च्या कायद्याने उभी राहिली. 1967 मध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरुषांना खुला झाला. पुरुषांची रांग काही लागली नाही. आजही स्कॉटलंडच्या प्राथमिक शाळांत दहातले जवळजवळ नऊ शिक्षक स्त्रियाच आहेत.

तीन वर्षवाल्यांना पदवीची वाट मिळाली ती अनपेक्षित बाजूने. खाणकामगाराची ती मुलगी 1964 नंतर मंत्री झाली आणि घरबसल्या शिकवणारे मुक्त विद्यापीठ तिने हट्टाने उभे करून घेतले. 1971 मध्ये तिथे पहिले विद्यार्थी दाखल झाले, तेव्हा त्यांच्यात सर्वांत मोठा गट शिक्षकांचा होता. आधीच्या प्रशिक्षणाबद्दल त्यांना काही विषयांची सूट मिळे. दिवसा वर्ग, संध्याकाळी घर आणि रात्री अभ्यास करून अनेक शिक्षिकांनी नोकरीत असतानाच पदवी घेतली.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला फॉलकर्क आणि हॅमिल्टनची महाविद्यालये बंद झाली. ती 1960 च्या दशकात मुख्यतः या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठीच काढलेली होती. 1984 पासून प्राथमिक शिक्षकांसाठीही चार वर्षांची पदवी आली आणि जुना अभ्यासक्रम संपला. मोरे हाउस 1998 मध्ये एडिंबरा विद्यापीठात विलीन झाले.