मॉडेल यॉट शर्यती : क्रमवारी आणि अजिंक्यपदासाठी निवड

रेडिओने चालवायच्या छोट्या शिडाच्या बोटींच्या अजिंक्यपद स्पर्धेत जागा मोजक्याच असतात. इच्छुक जास्त झाले की कोणाला पाठवायचे हे ठरवण्यासाठी हंगामभराच्या निकालांवरून जी यादी बनते, ती क्रमवारी. एका शर्यतीचा निकाल पाण्यावर लागतो आणि सहसा त्यावर वाद होत नाही. वाद होतो तो वेगवेगळ्या तलावांवर, वेगवेगळ्या वाऱ्यात, कमीजास्त बोटींमध्ये झालेल्या निकालांची बेरीज करताना. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा अशा एकमेकांपासून शेकडो किलोमीटर लांब असलेल्या आणि समुद्र नसलेल्या शहरांतल्या खेळाडूंची एकच यादी करायची म्हटली, तर हा प्रश्न लगेच पुढे येतो.

या खेळाचा जागतिक कारभार इंटरनॅशनल रेडिओ सेलिंग असोसिएशन पाहते. इंटरनॅशनल वन मीटर, मार्बलहेड, टेन रेटर आणि ए क्लास हे तिचे मान्य वर्ग. सर्वाधिक प्रचलित वन मीटर बोटीच्या हलची, म्हणजे सांगाड्याची, लांबी १,००० मिलिमीटरपेक्षा जास्त नसते, वजन किमान ४ किलो असते आणि वाऱ्याप्रमाणे बदलायला तीन मापांचे शीडसंच असतात. नवख्यांच्या गटात ६५० मिलिमीटरची ड्रॅगन फोर्स ६५ जास्त दिसते, कारण ती स्वस्तात तयार मिळते. दोन वर्गांचे निकाल एका यादीत कधीच मिसळू नयेत. क्रमवारी चालवणाऱ्याच्या नावावर असते, बोटीच्या नावावर नसते. हंगामात बोट विकून दुसरी घेतली तरी गुण खेळाडूकडेच राहतात; फक्त दोन्ही बोटींचे मोजमाप-प्रमाणपत्र वैध असावे लागते.

एका स्पर्धेपुरती गुणपद्धत सोपी आहे. पहिल्याला १, दुसऱ्याला २, असे करत सर्वांत कमी बेरीज असलेला जिंकतो. मोठा ताफा गटांत विभागून पळवतात आणि वाईट निकाल वगळतात : चार शर्यती झाल्यावर एक, आठ झाल्यावर दोन, पुढे दर आठ शर्यतींना आणखी एक. जो शर्यत पूर्ण करत नाही, निघताना रेषा ओलांडतो किंवा बाद होतो, त्याला नोंदलेल्या बोटींपेक्षा एक गुण जास्त. लांब चालणाऱ्या मालिकेत हा नियम जाचक ठरतो. मालिकेत ३० नावे असली आणि एका रविवारी तलावावर ९ बोटी आल्या, तर त्या दिवशी बोट अडकून शर्यत सोडणाऱ्यालाही ३१ मिळतात, म्हणजे घरी झोपलेल्याइतकेच. जागतिक नियमपुस्तकाच्या अ परिशिष्टात यासाठी पर्याय दिलेला आहे : हजर राहून शर्यत न संपवणाऱ्याला त्या दिवशी आलेल्या बोटी अधिक एक, म्हणजे इथे १०. मात्र स्पर्धेच्या सूचनापत्रात तसे आधी लिहिले असेल तरच तो लागू होतो, आणि बऱ्याच ठिकाणी नेमके तेच राहून जाते.

खरी गुंतागुंत स्पर्धा-स्पर्धांची तुलना करताना सुरू होते. सहा बोटींतला पहिला आणि तीस बोटींतला दहावा, यांत वरचढ कोण? नुसता क्रमांक पाहिला तर पहिला. टक्केवारीने पाहिले, म्हणजे मागे टाकलेल्या बोटींत स्वतःची एक मिळवून एकूण बोटींनी भागले, तर सहातल्या पहिल्याला १००, सहातल्या दुसऱ्याला ८३.३ आणि तीसातल्या दहाव्याला ७०. ही पद्धत कागदावर छान वाटते, पण छोट्या ताफ्याला फुकटचे गुण देते. घरच्या तलावावर पाचसहा मित्र जमवून स्पर्धा भरवणे फायद्याचे ठरू लागते. त्याऐवजी लॉगॅरिथमवर आधारलेले गुण वापरावेत : एकूण बोटींत एक मिळवा, क्रमांकाने भागा, भागाकाराचा दहाच्या पायावरचा लॉग घ्या आणि १०० ने गुणा. आता सहातला पहिला ८४.५ वर येतो, तीसातला पहिला १४९.१ वर, आणि तीसातला चौथा (८८.९) सहातल्या पहिल्याच्या जरा पुढे जातो. सहातला दुसरा (५४.४) तीसातल्या आठव्या (५८.८) आणि नवव्याच्या (५३.७) मध्ये बसतो. ताफ्यात वावरलेल्या कोणालाही ही तुलना पटते. स्प्रेडशीटमध्ये एका ओळीचे सूत्र पुरते. आकडे शेवटी एकदाच पूर्णांकित करावेत. मधल्या प्रत्येक पायरीवर दशांश छाटले की यादीच्या तळाशी खोट्या बरोबऱ्या तयार होतात.

तरीही यात प्रतिस्पर्धी किती तगडे होते ते मोजले जात नाही. त्यासाठी बुद्धिबळातली एलो पद्धत वापरता येते, जिच्यात प्रत्येकाच्या नावावर गुण असतात आणि हरणाऱ्याचे काही गुण जिंकणाऱ्याकडे जातात. प्रत्येक शर्यत म्हणजे जोड्याजोड्यांचे सामने : वीस बोटी असल्या तर १९० जोड्या. दोघांच्या गुणांत २०० चा फरक असेल तर वरच्याने जिंकण्याची अपेक्षा सुमारे ७६ टक्के, आणि निकाल अपेक्षेपेक्षा जितका वेगळा तितके गुण सरकतात. एका सामन्यात जास्तीत जास्त किती गुण सरकतील ते ठरवणारा बुद्धिबळातला गुणक जसाच्या तसा उचलला तर मात्र गोंधळ होतो. समान गुणांच्या वीस जणांत एखाद्याची बोट शेवाळात अडकून शेवटची आली, तर प्रत्येक जोडीला २० चा गुणक धरल्यास त्याचे एका झटक्यात १९० गुण जातात. त्या एकोणीस हारींचे कारण एकच, म्हणून त्या स्वतंत्र धरता येत नाहीत. संपूर्ण शर्यतीला मिळून ६० सारखा गुणक ठरवून तो एकोणीस जोड्यांत वाटला, तर तोच अपघात ३० गुणांवर निभावतो.

एलोचा दुसरा दोष लपून राहतो. समजा, इंदूरात आठ जण आणि ग्वाल्हेरात आठ जण, सगळ्यांची सुरुवात १,५०० पासून. दोन्ही गट आपापल्या तलावावरच खेळत राहिले, तर एकाचे गेलेले गुण दुसऱ्याला मिळतात आणि प्रत्येक गटाची सरासरी कायम १,५०० राहते, मग एक गट दुसऱ्यापेक्षा कितीही सरस असो. इंदूरचा १,६०० आणि ग्वाल्हेरचा १,६०० यांची तुलना तेव्हा निरर्थक असते. हंगामात निदान एक सामायिक स्पर्धा हवी, किंवा दोन्हीकडे खेळणारे तीनचार जण तरी हवेत. हा दुवा नसेल तर दोन स्वतंत्र याद्या ठेवून जागा वाटणे जास्त प्रामाणिक.

प्रवासाचा मुद्दा याहून टोकदार आहे. इंदूरहून भोपाळ सुमारे १९० किलोमीटर; मुंबई किंवा पुणे सहाशेच्या आसपास, आणि डोलकाठी वेगळ्या नळीत, बोट पेटीत घालून रात्रभराचा प्रवास. ‘उत्तम तीन निकाल धरू’ हा नियम निरुपद्रवी वाटतो, पण तो जास्त हिंडणाऱ्याला वर ढकलतो. कोणाचे निकाल ६० ते ९० गुणांमध्ये कुठेही सारख्याच शक्यतेने पडतात असे धरू. तीनच स्पर्धा खेळला तर तिन्हींची सरासरी साधारण ७५ येईल. तोच माणूस आठ स्पर्धा खेळला तर उत्तम तीनांची सरासरी ८३.३ होते. कौशल्य तेच, वाढले फक्त रेल्वेचे भाडे. नोंदलेल्या पहिल्या चारच स्पर्धा विचारात घेऊन त्यांतल्या तीन धरल्या, तर तो ७८ वर थांबतो आणि दरी तीन गुणांवर येते. यावर आक्षेप असा की चार झाल्यावर माणूस घरी बसतो. बसू द्यावे, न परवडणाऱ्याला यादीबाहेर काढण्यापेक्षा ते बरे. उलट एलोमध्ये पुढे असलेला माणूस गुण गमावण्याच्या भीतीने खेळायचे टाळतो, म्हणून तिथे किमान हजेरीची अट लागतेच.

माळव्यातल्या वाऱ्याचाही विचार करावा लागतो. हिवाळ्यात इथे वारा बहुधा मंद आणि उत्तर-ईशान्येकडचा, तर मे-जूनमध्ये पश्चिमेचा जोरकस. साधारण २० किलोमीटर प्रतितासाच्या वर वन मीटरचे मोठे शीड उतरवून मधला संच चढवावा लागतो आणि तिथे वेगळेच कसब लागते. सगळ्या निवडस्पर्धा डिसेंबर-जानेवारीत उरकल्या तर मंद वाऱ्याचे वस्ताद निवडले जातात, आणि अजिंक्यपद किनाऱ्यावरच्या जोरदार वाऱ्यात असले की त्यांची दमछाक होते. उलट मेमध्ये तलाव आटून काठ चिखलाचा होतो. वन मीटरची कील, म्हणजे तळाखालचे वजनदार पाते, पाण्यात ४२० मिलिमीटरपर्यंत उतरते, म्हणून सगळ्या मार्गावर निदान ६० सेंटिमीटर पाणी हवे. इंदूरजवळचे सिरपूर तलाव आणि यशवंत सागर २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आहेत. थंडीत तिथे स्थलांतरित पक्षी उतरतात, तेव्हा शर्यतीसाठी दुसरे पाणी शोधावे आणि कुठल्याही तलावावर उतरण्याआधी लेखी परवानगी घ्यावी. वेळापत्रकात एक मंद वाऱ्याची आणि एक जोराच्या वाऱ्याची स्पर्धा सक्तीची ठेवणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग.

क्रमवारीतल्या पुष्कळ चुका सूत्रात नसतात, अंतिम रेषेवर होतात. पाच बोटी तीन सेकंदांत रेषा ओलांडतात, शिडावरचे आकडे झुकलेले असतात आणि १७ ऐवजी ७१ लिहिला जातो. म्हणून एकाने नुसते आकडे मोठ्याने म्हणायचे, दुसऱ्याने लिहायचे आणि मोबाइलवर आवाज मुद्रित होत ठेवायचा. शिडावर नोंदणी क्रमांकाचे शेवटचे दोन अंक असतात. दोघांचे अंक सारखे आले तर एकाला अंकांच्या आधी १ जोडायला लावून हे स्पर्धेआधीच मिटवावे. छोट्या मंडळात शर्यत-अधिकारी म्हणून उभा राहणाराही खेळाडूच असतो. त्याला त्या दिवसाचे सरासरी गुण द्यावेत, हंगामात एकदोनदाच. ते दिले नाहीत तर झेंडा धरायला कोणी मिळत नाही, आणि मर्यादा घातली नाही तर झेंडा धरणाऱ्यांची रांग लागते.

क्रमवारीचा उपयोग निवडीनंतरही होतो. पहिल्या फेरीचे गट पाडताना क्रमांक सापासारखे वळवत वाटतात : १ अ गटात, २ ब, ३ क, ४ पुन्हा क, ५ ब, ६ अ. चोवीस बोटींचे तीन गट असे पाडले तर प्रत्येक गटातल्या क्रमांकांची बेरीज १०० येते. सरळ ओळीने वाटले तर अ गटाची ९२ आणि क गटाची १०८, म्हणजे अ गट विनाकारण अवघड. पुढच्या फेऱ्यांत खालचा गट आधी पळतो, त्यातल्या आघाडीच्या सहसा चार बोटी लगेच वरच्या गटात शिरतात आणि वरच्या गटातल्या शेवटच्या तेवढ्याच पुढच्या फेरीला खाली उतरतात. बोटी क्रिस्टलच्या ठरावीक फ्रीक्वेन्सीवर चालत तेव्हा एकाच फ्रीक्वेन्सीचे दोघे एका गटात ठेवता येत नसत आणि क्रमवारीला मुरड घालावी लागे, २.४ गिगाहर्ट्‌झ संच आल्यापासून ही अडचण संपली.

नियमपत्रात हंगामाआधी लिहून ठेवायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्यांतली एकही सोडू नये. स्पर्धा धरली जाण्यासाठी किमान आठ बोटी आणि चार पूर्ण शर्यती. किती निकाल धरायचे. जुने निकाल कधी बाद होतात, उदाहरणार्थ बारा महिन्यांनी. यादी गोठवण्याची तारीख. आणि बरोबरी कशी सोडवायची. बरोबरीत आधी दोघांचे धरलेले निकाल चांगल्यापासून वाईटाकडे लावून पहिला फरक शोधावा, तिथेही सुटली नाही तर शेवटच्या सामायिक शर्यतीत पुढे कोण होता ते पाहावे. हंगामाच्या मध्यात सूत्र बदलू नये, बदल कितीही न्याय्य असला तरी. यादी जाहीर झाल्यावर हरकतींना आठवडाभर द्यावा, हरकत लेखी घ्यावी आणि निर्णय ज्यांचे नाव यादीत नाही अशांनी द्यावा.

निवड झालेल्याने होकार आणि प्रवेशशुल्क ठरलेल्या तारखेपर्यंत दिले नाही, तर जागा राखीव यादीतल्या पुढच्याकडे जाते. राखीव यादी त्याच क्रमवारीची पुढची पाने असावी. ती वेगळी बनवली की ओळखीपाळखीला वाव मिळतो. एखादी जागा निवडसमितीच्या मर्जीवर ठेवायची असेल, दुखापतीमुळे हंगाम हुकलेल्या चांगल्या खेळाडूसाठी तशी गरज पडते, तर ती एकच असावी आणि ती भरल्याचे कारण यादीखाली दोन ओळींत लिहावे.