भूक मिटलेल्या माशाला गळ कसा लावायचा?

नावावरून कोकणातला वाटेल, पण कोकनी माशाचा आपल्या किनाऱ्याशी काही संबंध नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातल्या सॅलिश लोकांच्या भाषेतून आलेलं हे नाव, अर्थ 'लाल मासा'. शास्त्रीय नाव ऑन्कोऱ्हिंकस नर्का. म्हणजे हा सॉकआय सॅल्मनच, फक्त समुद्राकडे न जाता जन्म तळ्यात काढणारा. साधारण तीन-चार वर्षांचा झाला की ऑगस्टपासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत, तळ्यागणिक वेगवेगळ्या वेळी, तो ओढ्यात किंवा काठच्या खडीत अंडी घालतो आणि मरतो. त्याआधीचे काही आठवडे ट्रोलिंगवाल्यांना चक्रावून टाकतात. (हे ट्रोलिंग समाजमाध्यमांवरचं नव्हे, चालत्या होडीमागे गळ ओढत नेण्याचं. चिडवण्याचा भाग मात्र दोन्हीकडे आहे.)

कोकनी डॅफ्नियासारखे पाण्यात तरंगणारे बारीक जीव खातो. असा मासा बोटाएवढ्या गुलाबी प्लास्टिकवर झडप घालतो, ती निव्वळ भुकेपोटी म्हणणं कठीण. त्यात कुतूहल असतं आणि चीडही. विणीचा हंगाम जवळ आला की त्याचं आतडं आक्रसू लागतं, खाणं थांबत जातं. नराचा जबडा आकड्यासारखा वळतो, पाठीवर कुबड येतं आणि तो शेजाऱ्यांवर धावून जाऊ लागतो. भूक संपते तशी चीड वाढते, आणि गळाची सगळी मांडणी या चिडीसाठी करायची असते.

आधी खोली. उन्हाळ्यात वरचं पाणी कोमट, खालचं गार, आणि मध्ये तापमान झपाट्याने उतरणारा पातळ थर. कोकनीला 10 ते 13 अंश सेल्सिअस मानवतं, म्हणून थवे या थराच्या आसपास सापडतात. विणीआधी ते ओढ्यांच्या मुखांकडे सरकतात. सोनारवर, म्हणजे ध्वनिलहरींनी मासे दाखवणाऱ्या यंत्रावर, थवा 18 मीटरवर दिसला तर गळ 16-17 मीटरवर ठेवावा; हा मासा आमिषासाठी वर येतो, खाली सहसा जात नाही. त्या खोलीला गळ धरून ठेवायला डाउनरिगर लागतो: तारेला टांगलेला साडेतीन-चार किलोंचा गोळा आणि मासा लागताच दोरी सोडणारी चिमटी. चिमटी घट्ट लावली तर तीस सेंटीमीटरचा मासा ती सोडवू शकत नाही आणि तसाच ओढला जातो. काठीचं टोक जेमतेम थरथरतं. होडीच्या वेगाने गोळा मागे झुकतो, त्यामुळे खरी खोली डाउनरिगरच्या मोजणीत दिसते त्यापेक्षा कमी असते, हेही धरून चालावं.

गोळ्यामागे 3 ते 6 मीटर दोरी सोडून डॉजर, म्हणजे 10 ते 15 सेंटीमीटरची वाकवलेली चकचकीत पट्टी. तिच्यामागे हूची, म्हणजे झिरमिळ्यांचं छोटं रबरी माकूल. हूचीला स्वतःची हालचाल नसते, ती डॉजरकडून मिळते. म्हणून मधली दोरी थोडी ताठ आणि डॉजरच्या लांबीच्या दोन-अडीच पटच ठेवायची. लांब ठेवली की झटका वाटेतच विरतो. स्वतः फिरणारा स्पिनर असेल तर जास्त लांबी चालते. हूचीच्या दोन गळांवर पांढऱ्या मक्याचा एकेक दाणा, वासासाठी लसूण किंवा ट्यूनाचा अर्क. दाणे कोंबले की हूची एका अंगाला कलंडते.

वेग ताशी 2 किलोमीटरच्या आसपास, रमतगमत चालणाऱ्याच्याही निम्मा. गळ खाली सोडण्याआधी होडीशेजारी डॉजर बघून घ्यायचा: तो डावी-उजवीकडे डोलला पाहिजे. गरगर फिरू लागला तर वेग जास्त आहे, थोड्याच वेळात दोरीला पीळ बसेल. होडी नागमोडी न्यावी. वळणावर आतल्या बाजूचा गळ मंदावतो, बाहेरचा वेग घेतो. कुठल्या बाजूचा लागला त्यावरून वेग कमी करायचा की वाढवायचा ते कळतं. विणीच्या तोंडावर मोठा डॉजर आणि भडक गुलाबी किंवा नारिंगी रंग चालतात. खोलवर साधा लाल काळपट दिसतो, कारण पाणी लाल प्रकाश आधी शोषतं. फ्लुरोसंट रंग मात्र तिथल्या निळ्या-हिरव्या प्रकाशावरही पेटतात.

विणीच्या वेळी अंगावर येणाऱ्या लालीचं कोडं यातलं सगळ्यात रंजक. लाल रंग कॅरोटेनॉइड द्रव्यांचा, आणि ती खाण्यातूनच मिळतात. समुद्रातल्या सॉकआयला ती मुबलक, तळ्यात तुटवडा. तरीही कोकनी तितकाच लाल होतो, कारण मिळेल तेवढं द्रव्य साठवण्यात तो सॉकआयपेक्षा पटाईत आहे. सॉकआयचीच पिल्लं तळ्याच्या अन्नावर वाढवली तर मोठेपणी हिरवट राहतात. विणीआधी हा साठा मांसातून कातडीत आणि अंड्यांत जातो, म्हणून बाहेरून लालभडक माशाचं मांस आत फिकट आणि बेचव निघतं.

मासा लागला की घाई नको. तोंड इतकं मऊ असतं की ताणलेल्या दोरीने ओठ फाटतो. लवचिक काठी, रिळाचा सैल ब्रेक आणि तयार जाळी हवी. ठेवायचा असेल तर लगेच कल्ला कापून रक्त काढावं आणि बर्फाच्या पाण्यात टाकावा. नको असलेला सोडून देणं वाटतं तितकं निरुपद्रवी नाही: गार खोलीतून 20 अंशांच्या पाण्यात ओढून आणलेला मासा बहुधा तगत नाही. लाल मासेच येऊ लागले तर तिथून हलावं. अनेक ओढ्यांची मुखं तेव्हा कायद्यानेही बंद असतात. रंग अजून धड कळत नसेल तर अंगठा फिरवून पाहावा. चंदेरी कोकनीचे खवले हाताला चिकटून येतात. पक्व झालेल्याचे कातडीत रुतलेले असतात, एकही सुटत नाही.