कार्बोरेटर ट्रक-इंजिनाचे सुलभीकरण

जुनी पेट्रोल पिकअप किंवा जीप फक्त आडवाटेला, दगडधोंड्यांत चालवायची असली, की तिच्या इंजिनावरची प्रदूषण नियंत्रणाची साधने, व्हॅक्यूमच्या (इंजिनाच्या ओढीवर चालणाऱ्या) नळ्या व त्यांचे व्हॉल्व्ह काढून इंजिन मोजक्या जोडण्यांवर आणण्याची पद्धत. अमेरिकेतले हौशी मेकॅनिक तिला ‘डीस्मॉग’ म्हणतात.

या नळ्यांचे जाळे तयार झाले ते १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर. संगणकाने चालणारे फ्युएल इंजेक्शन ट्रकमध्ये यायला अवकाश होता. तोवर कारखान्यांनी जुन्याच कार्बोरेटरभोवती (पेट्रोल व हवेचे मिश्रण करणाऱ्या साधनाभोवती) तापमानावर उघडमीट करणारे व्हॉल्व्ह, हवेचा पंप आणि डायफ्रामच्या डब्या जोडत नेल्या. टोयोटाचे २२आर किंवा लँड क्रूझरचे २एफ इंजिन ही त्याची ठळक उदाहरणे. नवेपणी हे सगळे नीट चाले. रबर कडक होऊन चिरले, की तिथून जास्तीची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचे मंद चालणे) वरखाली होऊ लागते. मग एकेक नळी पकडीने चिमटून इंजिनाचा आवाज बदलतो का ते पाहायचे. नळ्या कमी असतील, तर हे शोधकाम तितके लवकर आटोपते. सुलभीकरणाचा खरा फायदा एवढाच. त्याने ताकद वाढते हा समज फारसा खरा नाही. त्या काळात इंजिने मंदावली ती मुख्यतः कमी केलेल्या कॉम्प्रेशनमुळे (सिलिंडरमध्ये मिश्रण कमी दाबल्यामुळे) व मागे ओढलेल्या टायमिंगमुळे (ठिणगी उशिरा पाडल्यामुळे), आणि पंप काढल्याने ते कॉम्प्रेशन परत येत नाही.

एक्झॉस्टमध्ये हवा सोडणारा पंप काढणे सर्वांत सोपे. त्याची भोके आट्यांच्या बुचांनी किंवा पत्री व गॅस्केटने बंद करतात. जळालेला वायू पुन्हा इंजिनात घेणारी ईजीआर यंत्रणा मात्र विचार करून काढावी. त्या वायूमुळे ज्वलनाचे तापमान उतरते व नायट्रोजनची ऑक्साइडे कमी होतात. अनेक इंजिनांचे टायमिंग ती आहे असे धरूनच बसवलेले असते. ती काढल्यावर अर्ध्या थ्रॉटलवर (ॲक्सिलरेटर अर्धा दाबून) चढ चढताना नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटल्याचा ठोका) ऐकू येऊ लागते, आणि मग टायमिंग थोडे मागे घ्यावे लागते किंवा जास्त ऑक्टेनचे पेट्रोल वापरावे लागते. चालू ईजीआर राहू देणेच शहाणपणाचे.

पीसीव्ही व्हॉल्व्हला हात लावू नये. पिस्टनच्या कडेने खाली आलेले वायू तो ओढून घेतो. तो बंद केला, तर क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या, तेलाच्या भागात) दाब साठून सीलमधून तेल गळते आणि तेलात पाणी व गाळ जमतो. कोळशाचा डबाही ठेवावा. टाकीतली वाफ त्यात थांबते, आणि तो नसेल तर तिरप्या उभ्या गाडीत पेट्रोलचा वास सुटतो, प्रसंगी पेट्रोलही. पेट्रोल टाकीकडे परत नेणारी नळी बुजवली, तर उन्हात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो.

वितरकाच्या (ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) व्हॅक्यूम ॲडव्हान्सची, म्हणजे व्हॅक्यूमनुसार ठिणगी लवकर पाडणाऱ्या भागाची, नळी कुठे जोडायची, यावर सर्वांत जास्त गोंधळ होतो. थ्रॉटलच्या झडपेच्या वरच्या भोकात आयडलिंगला व्हॅक्यूम नसतो. मॅनिफोल्डवरच्या (मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळीवरच्या) भोकात तो भरपूर असतो. अदलाबदल झाली, तर आयडलिंगचे टायमिंगच बदलते. म्हणून टायमिंग तपासताना ही नळी साधारणपणे काढून तिचे तोंड बुजवतात.

आडवाटेवर खरी परीक्षा फ्लोट चेंबरची, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या टाकीची. खड्या चढावर पेट्रोल एका बाजूला सरकून जेट (पेट्रोल सोडणारे बारीक भोक) उघडे पडते, किंवा चेंबरच्या श्वासनळीतून उसळून इंजिनात जाते आणि ते गुदमरते. मूळ कार्बोरेटरच्या जागी वेबर ३२/३६ बसवण्याची चाल टोयोटावाल्यांत जुनी आहे. त्याला पेट्रोलचा सुमारे ३ पौंड प्रति चौरस इंच दाब पुरतो. जास्त दिला, तर सुईचा व्हॉल्व्ह पेट्रोल अडवू शकत नाही. जीपवाले मोटरक्राफ्ट २१०० पसंत करतात, कारण तिरक्या गाडीतही तो बराच तग धरतो. आहे तोच कार्बोरेटर ठेवून फ्लोटची पातळी किंचित खाली घेणे व श्वासनळी उंच करणे हा स्वस्त उपाय आधी करून पाहावा.

रस्त्यासाठी प्रमाणित गाडीची ही साधने काढणे अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने निषिद्ध आहे. कॅलिफोर्नियात १९७५ व त्याआधीच्या गाड्यांना नियतकालिक स्मॉग चाचणीतून सूट असली, तरी त्या सूटीने साधने काढण्याची परवानगी मिळत नाही.