मिरीची अतिशीतन यंत्रणा

जेम्स वेब अवकाश दुर्बिणीवरील ‘मिरी’ या मध्य-अवरक्त उपकरणाचे तापमान ७ केल्व्हिनच्या (सुमारे −२६६° से.) खाली ठेवणारी यांत्रिक व्यवस्था. मिरी ५ ते २८ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण टिपते. असे किरण कोणत्याही कोमट वस्तूतून बाहेर पडतातच, त्यामुळे उपकरण स्वतः गरम असेल तर त्याला आपलीच आभा दिसेल. शिवाय किरण टिपणाऱ्या आर्सेनिकमिश्रित सिलिकॉनच्या शोधकांत उष्णतेमुळे प्रकाश नसतानाही विद्युतप्रवाह वाहतो आणि दूरच्या दीर्घिकांचा क्षीण संकेत त्यात बुडतो.

दुर्बिणीवरील इतर उपकरणे पाच पदरी सौरकवचाच्या सावलीत ४० केल्व्हिनच्या आसपास आपोआप थंड होतात. मिरीला तेवढे पुरत नाही. पूर्वीच्या अवरक्त दुर्बिणी द्रव हीलियम सोबत नेत. तो उडून संपला की शीतन थांबे. १९८३ सालच्या ‘आयरास’चे काम दहा महिन्यांत आटोपले. मिरीसाठीही आधी घन हायड्रोजनची टाकी योजली होती. तिच्याऐवजी बंदिस्त हीलियम फिरवणारा शीतक घेणे हा आराखड्यातला अतिशय दूरदृष्टीचा बदल होता.

हा शीतक नॉर्थ्रॉप ग्रमन या कंपनीने नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या देखरेखीखाली तयार केला. दाबाखालचा हीलियम बारीक छिद्रातून सुटला की थंड होतो, पण तो आधीच पुरेसा गार असेल तरच. नेहमीच्या तापमानाला तो उलट किंचित तापतो. म्हणून यंत्रणेतला स्पंद-नलिका शीतक (नळीतल्या वायूच्या दाबाच्या स्पंदांनी थंडावा निर्माण करणारा भाग) त्याला प्रथम सुमारे १८ केल्व्हिनपर्यंत आणतो.

खरी कसोटी जोडणीची होती. हीलियमवर दाब देणारा संपीडक उष्णता आणि कंपने दोन्ही निर्माण करतो, म्हणून तो सौरकवचाच्या उन्हाकडच्या बाजूला, यानाच्या मुख्य भागात बसवला. तिथून सुमारे दहा मीटर लांबीच्या बारीक नळ्या मिरीपर्यंत जातात. प्रक्षेपणानंतर दुर्बिणीचा मनोरा सव्वा मीटरच्या आसपास वर सरकणार होता, तेव्हा नळ्यांनाही न तुटता, न गळता सोबत ताणले जाणे भाग होते. संपीडकातले समोरासमोरचे दट्ट्ये एकाच वेळी विरुद्ध दिशांना हलतात, त्यामुळे त्यांची कंपने जवळपास रद्द होतात आणि प्रतिमा हलत नाही.

२५ डिसेंबर २०२१ च्या उड्डाणानंतर सर्वांत नाजूक टप्पा १५ केल्व्हिनजवळ आला. तिथे शीतकाची क्षमता आत झिरपणाऱ्या उष्णतेपेक्षा जेमतेमच जास्त असते, म्हणून पुढच्या क्रिया झपाट्याने, ठरल्या क्रमाने उरकाव्या लागल्या. ७ एप्रिल २०२२ रोजी मिरी ७ केल्व्हिनखाली पोहोचले.