लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया : पूर्वतयारी आणि नंतरची काळजी

जठराचे आकारमान कमी करून किंवा अन्नाचा आतड्यातील मार्ग बदलून वजन घटवणाऱ्या शस्त्रक्रियांना एकत्रितपणे बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. मधुमेह, उच्च रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे यांसारखे लठ्ठपणाशी जोडलेले विकारही त्यांमुळे आटोक्यात येतात, म्हणून अलीकडे त्यांना चयापचयी शस्त्रक्रिया असेही म्हटले जाते. प्रत्यक्ष शस्त्रक्रिया साधारण एक ते तीन तासांत पार पडते. तिच्या आधीची तयारी मात्र काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत चालते आणि नंतरची काळजी आयुष्यभर घ्यावी लागते. रुग्णाला झालेला लाभ टिकतो की नाही हे बव्हंशी या दोन कालखंडांवर अवलंबून असते, तरीही चर्चा बहुतेक वेळा मधल्या त्या तासांचीच होते.

१९५० च्या दशकात लहान आतड्याचा बराच भाग वगळणाऱ्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. त्यांनी वजन उतरले, पण यकृत निकामी होणे, मूत्रपिंडात खडे होणे आणि तीव्र कुपोषण असे परिणाम दिसू लागल्याने त्या पुढे सोडून द्याव्या लागल्या. १९६० च्या दशकात आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी गॅस्ट्रिक बायपासचा पाया घातला, आणि १९९० च्या दशकात ही शस्त्रक्रिया दुर्बिणीद्वारे होऊ लागल्यावर रुग्णाचा रुग्णालयातील मुक्काम व जखमेचा त्रास दोन्ही बरेच कमी झाले. आज सर्वाधिक केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया दोन. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात व उरलेल्या भागाची अरुंद नळी राहते. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होत असल्याने भूकही मंदावते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, त्यामुळे अन्न उरलेले जठर आणि आतड्याचा आरंभीचा भाग टाळून पुढे जाते. ज्यांना आम्लपित्ताचा व छातीत जळजळण्याचा मोठा त्रास आहे त्यांच्यासाठी बायपास अधिक योग्य ठरतो, कारण स्लीव्हनंतर हा त्रास वाढू शकतो.

शस्त्रक्रिया कोणावर करावी याचे निकष १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने घालून दिले होते : बीएमआय (किलोग्रॅममधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) ४०, किंवा ३५ आणि सोबत गंभीर विकार. २०२२ मध्ये या विषयातील अमेरिकी व आंतरराष्ट्रीय संघटनांनी त्यांत बदल केला. आता इतर विकार असोत वा नसोत, बीएमआय ३५ पासून शस्त्रक्रियेची शिफारस केली जाते, आणि चयापचयाचा विकार असल्यास ३० पासूनही तिचा विचार होतो. आशियाई वंशाच्या लोकांत कमी वजनालाही मधुमेह व हृदयविकार उद्भवत असल्याने त्यांच्यासाठी शिफारशीची मर्यादा २७.५ इतकी खाली आणली आहे.

पूर्वतयारी : रुग्णाची तपासणी शल्यचिकित्सक, फिजिशियन, भूलतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांचा गट मिळून करतो. रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी, यकृत, मूत्रपिंड व थायरॉइडचे कार्य, हृदयाचा आलेख आणि पोटाची सोनोग्राफी या तपासण्या नेहमीच्याच आहेत. गरजेनुसार जठराची एंडोस्कोपीही करतात आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा संसर्ग सापडल्यास त्यावर आधी उपचार करतात. लठ्ठ व्यक्तीचे पोषण उत्तमच असणार, हा समज या टप्प्यावर अनेकदा खोटा ठरतो. ड जीवनसत्त्व, लोह, बी१२ आणि थायमिन (बी१ जीवनसत्त्व) यांची कमतरता शस्त्रक्रियेआधीच पुष्कळांत आढळते, आणि ती तेव्हाच भरून काढली नाही तर नंतर, अन्न कमी आणि शोषण अपुरे अशा अवस्थेत, भरून काढणे फार कठीण जाते. झोपेत श्वास अडकण्याचा विकार बऱ्याच रुग्णांत निदान न होता राहिलेला असतो. भुलेच्या दृष्टीने तो धोकादायक असल्याने तो शोधून, हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या सीपॅप यंत्राचा वापर शस्त्रक्रियेआधीच सुरू करणे हितावह असते.

शेवटचे साधारण दोन आठवडे रुग्णाला दिवसाला ८०० ते १,००० उष्मांकांचा, कर्बोदके कमी आणि प्रथिने भरपूर असलेला, बहुधा द्रवरूप आहार दिला जातो. यामागे वजन उतरवण्यापेक्षा वेगळे कारण आहे. लठ्ठपणात यकृत चरबीने मोठे व ठिसूळ झालेले असते आणि त्याचा डावा खंड नेमका जठरावर येतो. कमी कर्बोदकांच्या आहाराने यकृतातील ग्लायकोजेन (साखरेचा साठा), त्याने धरून ठेवलेले पाणी व काही चरबी कमी होऊन यकृत आक्रसते, आणि शल्यचिकित्सकाला ते सुरक्षितपणे उचलून काम करता येते. हे कारण रुग्णाला नीट समजावून सांगितले, तर हे दिवस तो अधिक निष्ठेने पाळतो. मात्र अमुक इतके वजन आधी स्वतः उतरवून दाखवल्याशिवाय शस्त्रक्रियेला मंजुरीच नाही, अशी अट काही विमा योजना घालतात, तिला वैद्यकीय आधार नाही. तिच्यामुळे ज्यांना उपचाराची सर्वाधिक गरज आहे तेच महिनोन्महिने ताटकळत राहतात.

धूम्रपान किमान सहा आठवडे आधी पूर्ण थांबवावे लागते व पुन्हा कधीच सुरू करायचे नसते, कारण तंबाखूमुळे जखमा भरण्यास उशीर होतो, फुप्फुसांचे विकार वाढतात आणि बायपासनंतर जोडावर व्रण होण्याचा धोका बळावतो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या रक्तात गुठळी होण्याची शक्यता वाढवतात, म्हणून त्या काही आठवडे आधी बंद करून दुसरे साधन सुचवले जाते. मधुमेहाच्या एसजीएलटी-२ गटातील गोळ्या तीन ते चार दिवस आधी थांबवतात, अन्यथा उपवासाच्या काळात रक्तात कीटोन आम्ले साचू शकतात. मधुमेहासाठी वा वजन घटवण्यासाठी दिली जाणारी, जठर रिकामे होण्याची गती मंदावणारी जीएलपी-१ गटातील इंजेक्शने चालू असल्यास भूलतज्ज्ञाला ते आवर्जून सांगावे. मानसिक मूल्यमापनाची अनेकांना धास्ती वाटते. त्याचा हेतू रुग्णाला नाकारणे हा नसून अनियंत्रित खाण्याच्या सवयी, नैराश्य वा व्यसन असल्यास त्यावर आधी उपचार सुरू करणे आणि घरातले कोण साथ देऊ शकेल हे जाणून घेणे हा असतो.

रुग्णालयातील दिवस : मुक्काम बहुधा एक ते तीन दिवसांचा असतो. शुद्धीवर आल्यानंतर काही तासांतच रुग्णाला उठवून चालवतात, स्पायरोमीटरने श्वसनाचे व्यायाम करवून घेतात, आणि पायांतील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दाब देणारे मोजे व रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने वापरतात. या गुठळ्यांचा धोका घरी गेल्यावरही काही आठवडे राहतो, त्यामुळे घरीही रोज थोडे थोडे चालत राहणे आवश्यक असते. शस्त्रक्रियेत पोट फुगवण्यासाठी भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे एक-दोन दिवस खांदा दुखतो, ते काळजीचे नाही. मात्र नाडीचा वेग सतत १२० च्या वर राहणे, ताप, धाप लागणे, पोटातील किंवा डाव्या खांद्यातील वेदना कमी होण्याऐवजी वाढत जाणे ही जोडातून वा टाक्यांच्या ओळीतून गळती होत असल्याची लक्षणे असू शकतात. गळती क्वचितच होते, पण उपचाराला उशीर झाल्यास जिवावर बेतते. वेगवान नाडी हे तिचे बहुधा सर्वांत आधी दिसणारे चिन्ह असते, त्यामुळे ‘उद्या पाहू’ म्हणून घरी थांबू नये.

आहार आणि पूरके : पहिले एक-दोन दिवस पाण्यासारखे पातळ द्रव, नंतर सुमारे दोन आठवड्यांपर्यंत दाट द्रव, चौथ्या आठवड्यापर्यंत वाटून गुळगुळीत केलेले अन्न, त्यापुढे मऊ अन्न, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे अन्न लहान प्रमाणात, असा क्रम ठेवतात, केंद्रागणिक त्यात थोडा फरक असतो. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून प्रत्येक जेवणात प्रथिनांचा पदार्थ आधी खायचा असतो. दिवसाला दीड लिटर पाणी लागते, पण ते जेवणाबरोबर प्यायचे नसते. जेवणानंतर अर्धा तास थांबून घोट घोट प्यावे. पहिल्या महिन्यात पुन्हा रुग्णालयात यावे लागण्याचे एक नेहमीचे कारण साधे निर्जलीकरण हेच असते.

बायपासनंतर गोड खाल्ल्यास ते वेगाने आतड्यात उतरून अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात मुरडा व जुलाब होऊ शकतात. याला डंपिंग म्हणतात. दुसरा प्रकार जेवणानंतर एक ते तीन तासांनी उद्भवतो. त्यात इन्शुलिन जास्त स्रवल्याने साखर एकदम उतरते. तो बहुधा शस्त्रक्रियेला वर्ष उलटून गेल्यावर सुरू होतो, त्यामुळे चक्कर व गोंधळलेपणाचा संबंध जुन्या शस्त्रक्रियेशी आहे हे रुग्णाच्या वा डॉक्टरांच्याही पटकन लक्षात येत नाही.

पूरके आयुष्यभर घ्यावी लागतात, आणि बहुतेकांचे दुर्लक्ष होते ते येथेच. पहिल्या वर्षी वजन उतरत असते, प्रकृती उत्तम वाटते आणि गोळ्या निरर्थक भासू लागतात. पण शरीरातील बी१२ चा साठा हळूहळू संपत असल्याने कमतरतेची लक्षणे काही वर्षांनीही दिसू शकतात, आणि तोवर मज्जातंतूंना झालेली इजा पूर्ण भरून येईलच असे नाही. रोज एक बहुजीवनसत्त्व पूरक, कॅल्शियम सिट्रेट १,२०० ते १,५०० मिलिग्रॅम, ड जीवनसत्त्व सुमारे ३,००० एकक, बी१२ रोज गोळीने किंवा महिन्याला १,००० मायक्रोग्रॅमच्या इंजेक्शनाने, आणि पाळी येणाऱ्या स्त्रियांना ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह, असे साधारण प्रमाण असते. कॅल्शियम एका वेळी ६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नीट शोषले जात नाही आणि ते लोहाच्या शोषणात अडथळा आणते. म्हणून ते विभागून आणि लोहापासून दोन तासांच्या अंतराने घेतात. उलट्या सतत होत असतील तर थायमिनचा साठा काही आठवड्यांत संपतो, नजर दुहेरी होते, तोल जातो, शुद्ध हरपू लागते. अशा रुग्णाला ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी थायमिन दिलेच पाहिजे. उलट क्रमाने मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

औषधांचेही गणित बदलते. इन्शुलिनची गरज काही दिवसांतच, वजन फारसे उतरण्याआधीच, झपाट्याने घटते, त्यामुळे जुनी मात्रा तशीच चालू ठेवणे धोक्याचे असते. रक्तदाबाच्या गोळ्याही क्रमाने कमी कराव्या लागतात. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके बायपासनंतर टाळावीत, आणि हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांऐवजी साध्या गोळ्या, द्रव औषधे वापरावीत. वेगाने वजन उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात, म्हणून अनेक केंद्रे सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या देतात.

पुढील वर्षे : बैठे काम असणारे दोन ते चार आठवड्यांत कामावर परततात, जड वजन मात्र चार ते सहा आठवडे उचलू नये. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात आणि बहुतेकांचे पुन्हा येतात. सैल झालेल्या त्वचेची शस्त्रक्रिया वजन स्थिरावल्यावर, सामान्यतः दीड वर्षानंतर करतात. बायपास झालेल्या व्यक्तीच्या पोटात कितीही वर्षांनी अचानक मुरडा मारून दुखू लागले तर आतडे आतल्या फटीत अडकल्याची शंका घ्यावी लागते, सीटी स्कॅन निर्दोष असला तरीही.

मनाकडे द्यावयाचे लक्ष या काळात सर्वांत तोकडे पडते. अन्न हाच ज्यांचा ताणावरचा उतारा होता त्यांच्याकडून तो एकाएकी काढून घेतला जातो. शरीर बदलते तशी नातीही बदलतात. बायपासनंतर मद्य पूर्वीपेक्षा वेगाने आणि अधिक चढते, व दुसऱ्या वर्षापासून मद्यपानाच्या व्यसनाचे प्रमाण वाढलेले आढळते. काही रुग्णांत स्वतःला इजा करण्याचे विचारही बळावतात. म्हणून तपासणीला आलेल्या रुग्णाला वजनाइतक्याच सहजपणे झोप, मद्य आणि मनःस्थितीविषयी विचारले पाहिजे.

वजन घटल्यावर स्त्रियांची प्रजननक्षमता अनपेक्षितपणे परत येते. गर्भधारणा १२ ते १८ महिने लांबणीवर टाकावी असा सल्ला दिला जातो. तोंडाने घेण्याच्या गर्भनिरोधक गोळ्या बायपासनंतर पुरेशा भरवशाच्या नसतात, आणि गरोदरपणातील ग्लुकोज पाजून करायची चाचणी डंपिंगमुळे सोसत नसल्याने साखर दुसऱ्या पद्धतीने तपासावी लागते.

एक ते दोन वर्षांत एकूण वजनाच्या साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश घट होते आणि त्यानंतर काही वजन परत वाढते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या दीर्घकालीन अभ्यासातही सुरुवातीची घट, मग काही वाढ आणि त्यानंतर स्थैर्य असाच क्रम दिसला, तरी शस्त्रक्रिया झालेल्या गटातील मृत्युदर इतरांपेक्षा कमी राहिला. वजन वाढले की रुग्ण लाजेने तपासणीला येणे टाळतो, आणि मग रक्ततपासणी व पूरकेही सुटतात. आहाराचा फेरविचार, औषधे किंवा दुसरी शस्त्रक्रिया असे उपाय या टप्प्यावर उपलब्ध आहेत. पहिल्या वर्षी ठरावीक महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी होणाऱ्या भेटींत ते सुचवता येतात.