स्थानिक अजेंडा २१

रिओ दी जानेरो येथे जून १९९२ मध्ये भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण व विकास परिषदेत ‘अजेंडा २१’ हा चाळीस प्रकरणांचा कृतिकार्यक्रम संमत झाला. त्याच्या अठ्ठाविसाव्या प्रकरणाला अनुसरून स्थानिक स्वराज्य संस्थांनी नागरिकांशी विचारविनिमय करून आखलेली शाश्वत विकासाची दीर्घ मुदतीची योजना आणि ती अमलात यावी म्हणून स्वतःच्या कारभारात केलेली फेररचना, यांना मिळून ‘स्थानिक अजेंडा २१’ असे म्हणतात. बहुतेक लेखनात यांपैकी पहिल्या भागावर, म्हणजे योजनेच्या मसुद्यावर भर असतो. परंतु गेल्या तीन दशकांतील अनुभव पाहता दुसरा भागच निर्णायक ठरल्याचे दिसते.

उगम : या कल्पनेच्या उगमाबद्दल अभ्यासकांत एकवाक्यता नाही. काहींच्या मते तिचे मूळ ब्रुंटलँड आयोगाच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण व विकासविषयक जागतिक आयोगाच्या, १९८७ मधील अहवालात आहे. त्या अहवालातील नागरी प्रश्नांवरील प्रकरणात स्थानिक संस्थांना अधिक अधिकार व निधी द्यावा अशी शिफारस आढळते. दुसरे मत स्वीडनच्या उत्तरेकडील एव्हरटॉर्निओ या छोट्या नगरपालिकेकडे बोट दाखवते. १९८० च्या दशकाच्या आरंभी तेथे ‘पर्यावरणनिष्ठ नगरपालिका’ ही कल्पना राबवली गेली आणि पुढे अन्य स्वीडिश नगरपालिकांनी तिचे अनुकरण केले. तिसऱ्या मतानुसार सप्टेंबर १९९० मध्ये न्यूयॉर्क येथील संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात भरलेली स्थानिक शासनांची जागतिक परिषद हा खरा आरंभबिंदू होय. ४३ देशांतील दोनशेहून अधिक स्थानिक संस्थांच्या या परिषदेतून ‘इक्ली’ ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि तिने रिओ परिषदेच्या पूर्वतयारीच्या बैठकांत स्थानिक संस्थांची बाजू मांडली. अठ्ठाविसाव्या प्रकरणाची शब्दयोजना पाहता तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. ब्रुंटलँड अहवालात तत्त्व आहे, पण प्रत्येक नगरपालिकेने स्वतंत्र विचारविनिमय करावा असा आराखडा नाही. स्वीडिश प्रयोग हा पूर्वानुभव मानता येईल, थेट उगम नव्हे.

प्रकरणाचा आशय : अठ्ठाविसावे प्रकरण अजेंडा २१ मधील अगदी लहान प्रकरणांपैकी एक आहे. देशोदेशींच्या बहुतेक स्थानिक संस्थांनी १९९६ पर्यंत आपल्या रहिवाशांशी विचारविनिमय करून ‘स्थानिक अजेंडा २१’ विषयी सहमती साधावी, हे त्यातील मुख्य उद्दिष्ट होय. निर्णय, नियोजन व अंमलबजावणीच्या प्रक्रियेत स्त्रिया व तरुण यांना प्रतिनिधित्व मिळावे, असेही त्यात म्हटले आहे. अजेंडा २१ मधील दोन-तृतीयांश कामे स्थानिक संस्थांवाचून होऊ शकत नाहीत, हे विधान या संदर्भात वारंवार उद्धृत होते. तथापि मूळ प्रकरणात असा आकडा नाही, अनेक समस्यांची व उपायांची मुळे स्थानिक पातळीवर आहेत एवढेच तेथे नमूद आहे. संपूर्ण अजेंडा २१ प्रमाणे हे प्रकरणही कायद्याने बंधनकारक नव्हते. परिषदेच्या सचिवालयाने त्यासाठी १९९३ ते २००० या काळात वर्षाला सरासरी सुमारे दहा लाख डॉलर इतकाच खर्च अंदाजला होता आणि तोही मुख्यतः आंतरराष्ट्रीय सचिवालयीन सेवांसाठी. नगरपालिकांनी आपली यंत्रणा बदलण्यासाठी पैसा कोठून आणावा, हा प्रश्न त्यामुळे प्रारंभापासूनच अनुत्तरित राहिला.

प्रसार : युरोपात मे १९९४ मधील ऑलबॉर्ग सनदेने, म्हणजे शाश्वत विकासासाठी युरोपीय शहरांनी स्वीकारलेल्या जाहीरनाम्याने, या चळवळीला गती दिली. इक्लीच्या १९९७ च्या पाहणीत ६४ देशांतील १,८१२ आणि २००२ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ११३ देशांतील ६,४१६ स्थानिक संस्थांनी काम सुरू केल्याची नोंद आहे. हे आकडे सावधपणे वाचावे लागतात, कारण दुसऱ्या पाहणीतील ५,२९२ संस्था एकट्या युरोपातील होत्या आणि ‘काम सुरू केले’ याचा अर्थ देशागणिक वेगळा होता.

स्वीडनमध्ये जवळजवळ सर्व नगरपालिकांनी या कामात भाग घेतला आणि अनेकांनी त्यासाठी स्वतंत्र समन्वयक नेमले. हा समन्वयक सामान्यतः पर्यावरण विभागात बसे. वित्त व नगररचना या दोन विभागांच्या निर्णयांवर त्याचा अधिकार क्वचितच चाले. १९९८ पासून स्वीडिश सरकारने स्थानिक गुंतवणूक कार्यक्रमाद्वारे मोठे अनुदान देण्यास सुरुवात केल्यावर नगरपालिकांचे लक्ष नागरिकांच्या मंडळांकडून तांत्रिक प्रकल्पांकडे वळले, असे एक प्रचलित विश्लेषण आहे. ब्रिटनमध्ये २००० पर्यंत सर्व स्थानिक संस्थांनी अशी योजना स्वीकारावी असे उद्दिष्ट पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी १९९७ मध्ये जाहीर केले. मात्र २००० च्या स्थानिक शासन अधिनियमाने ‘सामुदायिक धोरण’ तयार करणे हे कायदेशीर कर्तव्य ठरवले आणि स्थानिक अजेंडा २१ त्यात विलीन झाला. कायद्याचा आधार मिळाला, पण पर्यावरणाचा आग्रह सौम्य झाला.

पर्यावरणीय अंदाजपत्रक : संस्थात्मक फेररचनेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे इक्लीने विकसित केलेली पर्यावरणीय अंदाजपत्रकाची पद्धत. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हायडेलबर्ग, बीलेफेल्ड, ड्रेस्डेन व नॉर्डहाउझेन येथे तिचे प्राथमिक प्रयोग झाले. नगरपालिकेचे आर्थिक अंदाजपत्रक ज्या वार्षिक चक्रातून जाते, त्याच चक्रातून नैसर्गिक संसाधनांचा हिशेब न्यावा, हे तिचे सूत्र आहे. पाणी, हवा, जमीन, हवामान यांसाठी निर्देशक निवडले जातात आणि त्यांचा हिशेब पैशांत न करता घनमीटर, टन, हेक्टर अशा भौतिक एककांत ठेवला जातो. प्रत्येक निर्देशकासाठी दीर्घ मुदतीचे उद्दिष्ट व त्यापोटी चालू वर्षाची मर्यादा ठरते. सभागृह ती मंजूर करते. वर्षअखेर ताळेबंद मांडला जातो आणि मर्यादा ओलांडली असल्यास संबंधित विभागाला सभागृहापुढे खुलासा करावा लागतो. हवेतील प्रदूषण किंवा भूजल यांच्या बाबतीत वर्षभराचा बदल नगरपालिकेच्या कृतीमुळे झाला की हवामानामुळे, हे ठरवणे अवघड असते आणि ही या पद्धतीतील मूलभूत अडचण आहे. स्वीडनमधील वेक्शो नगरपालिकेने १९९६ मध्येच जीवाश्म इंधनमुक्त होण्याचा ठराव केला होता आणि पुढे तिने ही पद्धत आपल्या नियमित कारभाराचा भाग केली. आशियात फिलिपीन्समधील बोहोल प्रांत आणि भारतातील गुंटूर येथे तिचे प्रयोग झाले.

भारत : पंचायती व नगरपालिका यांना घटनात्मक दर्जा देणारी अनुक्रमे ७३ वी व ७४ वी घटनादुरुस्ती संसदेने डिसेंबर १९९२ मध्ये, म्हणजे रिओ परिषदेनंतर सहा महिन्यांनी, संमत केली. या जवळिकीमुळे दोहोंत संबंध जोडण्याचा मोह होतो. परंतु या दुरुस्त्यांची परंपरा १९८९ च्या ६४ व्या व ६५ व्या घटनादुरुस्ती विधेयकांपर्यंत मागे जाते, म्हणून हा योगायोग मानणेच सयुक्तिक ठरते. नगरपालिकांच्या कामांची यादी असलेल्या बाराव्या अनुसूचीतील अठरा विषयांत ‘नागरी वनीकरण, पर्यावरणाचे संरक्षण व परिस्थितिकीय पैलूंचे प्रवर्धन’ हा विषय स्पष्टपणे आहे. पंचायतींच्या कामांची यादी असलेल्या अकराव्या अनुसूचीतील एकोणतीस विषयांत पाणलोट विकास, सामाजिक वनीकरण, अपारंपरिक ऊर्जा यांचा समावेश असला, तरी पर्यावरण हा स्वतंत्र विषय नाही.

महाराष्ट्रात महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७अ नुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण सद्यःस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवणे आवश्यक आहे. ही तरतूद दूरदृष्टीची होती आणि तिच्यामुळे राज्यातील अनेक शहरांच्या हवा, पाणी, कचरा व वृक्षसंख्येची सलग माहिती उपलब्ध झाली. परंतु हा अहवाल जुलैमध्ये येतो आणि अंदाजपत्रक त्याआधीच मंजूर झालेले असते. अहवालातील निष्कर्षांनुसार तरतुदी बदलण्याचे बंधन कलमात नाही, ही त्याची मोठी उणीव होय. ग्रामीण भागात जैवविविधता अधिनियम, २००२ च्या कलम ४१ नुसार स्थापन होणाऱ्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या हे स्थानिक संस्थेच्या रचनेत कायद्याने घातलेले एक नवे अंग आहे. लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे स्थानिक जैविक संसाधने व त्यांविषयीचे पारंपरिक ज्ञान यांची नोंद, तयार करणे हे त्यांचे मुख्य कार्य. राज्य शासनाचे २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेले माझी वसुंधरा अभियान पंचतत्त्वांच्या आधारे स्थानिक संस्थांचे गुणांकन करते.

पर्यावरणीय उद्दिष्टांची अंदाजपत्रकाशी जोडणी करण्याचा प्रयत्न भारतात अलीकडे मुंबईत झाला. ऑस्लो शहराने २०१६ मध्ये, २०१७ या वर्षासाठी, स्वीकारलेला हवामान अर्थसंकल्प, म्हणजे हवामानविषयक उद्दिष्टे वार्षिक अंदाजपत्रकात गुंफण्याची पद्धत, हा त्याचा पूर्वादर्श मानता येईल. बृहन्मुंबई महानगरपालिकेने मार्च २०२२ मध्ये २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठेवणारा हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला आणि २०२४ मध्ये त्याला अनुसरून पहिला हवामान अर्थसंकल्प मांडला. विभागवार तरतुदींतील हवामानविषयक वाटा त्यातून प्रथमच स्पष्ट झाला. मात्र मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्याने त्या वेळी महानगरपालिकेचा कारभार प्रशासकाकडे होता, त्यामुळे रिओच्या मूळ प्रकरणाला अभिप्रेत असलेली लोकनियुक्त सभागृहातील चर्चा या पहिल्या अर्थसंकल्पाला लाभली नाही.