अंडी देणाऱ्या कोंबडीला जागा किती? एका आकड्याची पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यात, विशेषतः खानापूर तालुक्यात विट्याच्या परिसरात, बेभरवशाच्या पावसावर चालणाऱ्या शेतीला लेअर पोल्ट्रीची, म्हणजे अंड्यांसाठीच्या कोंबडीपालनाची, जोड मिळाली. अशा शेडमधील पिंजऱ्यात एका पक्ष्याच्या वाट्याला साधारणपणे ४०० ते ४५० चौरस सेंटिमीटर जागा येते, म्हणजे ए-फोर कागदाच्या पाऊण भागाहूनही कमी. हा आकडा पक्ष्याची गरज मोजून ठरला असावा असे वाटते, पण प्रत्यक्षात तो शेडच्या जमाखर्चातून आला आहे.

पिंजरा पद्धत रूढ झाली त्याला सबळ कारणे होती. गादी पद्धतीत, म्हणजे जमिनीवर तुसाच्या थरावर मोकळे ठेवलेले, पक्षी विष्ठेवरच वावरत असल्याने जंत आणि कॉक्सिडिओसिस हा आतड्याचा रोग यांचा उपद्रव कायम असे. पिंजऱ्याने तो कमी केला, अंडी स्वच्छ मिळू लागली आणि खाद्याचा हिशेब लागला. मात्र पिंजऱ्यात आणखी एक पक्षी कोंबला की दर पक्ष्यामागे अंडी घटतात आणि मरतूक वाढते, तरी शेडमधून निघणारी एकूण अंडी वाढतात. भांडवल शेडमध्ये गुंतलेले असल्याने हा व्यवहार मालकाला परवडतो; गर्दीचे मूळ इथे आहे.

या व्यवहाराला पहिला मोठा आक्षेप ब्रिटनमध्ये घेतला गेला. लेखिका रूथ हॅरिसन यांच्या कारखानी पशुपालनावरील १९६४ मधील पुस्तकाने खळबळ उडाल्यावर नेमलेल्या ब्रॅम्बेल समितीने १९६५ मध्ये म्हटले की, जनावराला किमान उभे राहता, बसता, वळता, अंग साफ करता आणि अवयव ताणता आले पाहिजेत. त्याच समितीने पिंजऱ्याच्या तळाला बारीक षट्कोनी जाळी वापरू नये असेही सुचवले होते. पण १९७३ मध्ये ह्यूज आणि ब्लॅक या संशोधकांनी कोंबड्यांनाच निवड करू दिली, तेव्हा त्यांनी नेमकी तीच जाळी पसंत केली. माणसाच्या अंदाजावर विसंबण्यापेक्षा पक्ष्याचे वर्तन मोजावे, हा विचार त्यानंतर बळावला. १९८९ मध्ये डॉकिन्स आणि हार्डी यांच्या मोजमापात कोंबडीला नुसते उभे राहण्यास सरासरी ४७५, पंख ताणण्यास ८९३, वळण्यास १२७२ आणि पंख फडफडवण्यास १८७६ चौरस सेंटिमीटर लागतात असे दिसले.

युरोपीय संघाने १९९९ च्या निर्देशानुसार साधे पिंजरे २०१२ पासून बंद केले आणि घरटे, बसण्याची दांडी व खरवडण्याची सोय असलेल्या पिंजऱ्यात दर पक्षी ७५० चौरस सेंटिमीटर जागा बंधनकारक केली. केवळ जागा वाढवून प्रश्न सुटत नाही, हेही तिथेच कळले: मोकळ्या शेडमधील मोठ्या कळपात पिसे उपटण्याचे आणि एकमेकींना चोची मारून जखमी करण्याचे प्रमाण वाढू शकते, आणि त्यात दाटीइतकाच कळपाचा आकार, तळावरील तूस व पिलांचे संगोपन यांचाही वाटा असतो.

भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेच हालचालीला पुरेशी जागा नसलेला पिंजरा गुन्हा ठरवला आहे; तरी कोंबडीसाठी ‘पुरेशी’ म्हणजे किती, हे अनेक दशके कोणी ठरवले नाही. विधी आयोगाने २०१७ मध्ये कोंबड्यांच्या पालनाबाबत २६९ वा अहवाल दिला आणि केंद्र सरकारच्या २०१९ च्या मसुदा नियमांत दर पक्षी ५५० चौरस सेंटिमीटरचा आकडा आला.

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात या चर्चेला उन्हाळ्याचीही बाजू आहे. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकून आणि पंख अंगापासून दूर धरून उष्णता बाहेर टाकते, आणि खच्चून भरलेल्या पिंजऱ्यात हा दुसरा उपाय जवळजवळ बंद होतो. उलट ४५० वरून ५५० वर जायचे तर शंभर पक्ष्यांच्या शेडमध्ये ८१ च पक्षी मावतात, आणि अंड्याचा रोजचा जाहीर दर पिंजऱ्यातील जागा पाहून बदलत नाही.